एका शॉटपुरतं

निनाद खानवलकरला भोपाळमधली कुठलीही गोष्ट बंद करून दाखवता यायची. चालू करणारे पुष्कळ असतात, सिनेमावाल्यांना बंद करणारा माणूस लागतो. रस्ता बंद, दुकान बंद, जनरेटर बंद, लाउडस्पीकर बंद. मुंबईची युनिटं शूटिंगला भोपाळला यायला लागली तसा निनादचा जम बसला. कार्डावर ‘लोकेशन मॅनेजर’ छापलेलं होतं. काम काय, तर परवानग्या काढायच्या. नगर निगमची, ठाण्याची, ट्रॅफिकची, सोसायटीची. आणि जिथे कागद चालत नाही तिथे जीभ चालवायची.

जीभ त्याची गोड होती, खडीसाखरेसारखी. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला मुलगा. पाटीवर मराठी आडनाव दिसलं की चपला दाराबाहेर, वाकून नमस्कार, आणि ‘काकू’ म्हणत थेट स्वयंपाकघरात. युनिटमध्ये तो उघड सांगायचा, “घर चाहिए तो मराठी फैमिली का लो. साफ-सुथरा रहता है, झिकझिक नहीं करते, और एक बार हाँ बोल दिया तो फिर ना बोलने में शरम आती है इनको.” सगळे हसायचे. यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर राग येतो.

कोलार रोडच्या आतल्या अंगाला एका सोसायटीत डुप्लेक्स घरांच्या रांगा आहेत. डुप्लेक्स म्हणजे दोन घरं आणि मधे एकच भिंत. इकडे कोणी खोकलं तर तिकडच्याने पाणी विचारावं. त्यातलं एक घर निनादने शूटिंगसाठी घेतलं होतं आणि घरमालक इंदूरला लेकीकडे निघून गेले होते. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला भालचंद्र पांढरीपांडे आणि मंगलाताई राहायचे.

भालचंद्र मूळचे नागपूरचे. नोकरीसाठी भोपाळला आले, टर्बाइनच्या चाचण्या घेण्यात आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर हे तयार घर विकत घेतलं. आता त्यांची फुप्फुसं आवळत चालली होती. पलंगाशेजारी गुडघ्याएवढं ऑक्सिजनचं मशीन, त्याला लावलेली नळी, नळीचं टोक नाकात. दिवसरात्र घूं घूं चालायचं. मंगलाताईंना त्या घुमण्यावरच झोप लागायची, ते थांबलं की जाग यायची. मशीन बंद केलं तर भालचंद्र थोडा वेळ तग धरत, संडासला जाऊन येण्याइतका. पण तो थोडा वेळ महिन्यागणिक आखूड होत चालला होता. मंगलाताईंना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते निनादला सांगितलंही होतं. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी ‘माहीत नव्हतं’ म्हणायला नको.

शूटिंगचा शेवटचा दिवस होता. परवानगी त्या संध्याकाळपर्यंतचीच. दुसऱ्या दिवशी शहरात कुठलीशी मोठी सभा होती, ठाण्याने बजावलं होतं की कल एक सिपाही नहीं मिलेगा, तारीख भी नहीं बढ़ेगी. नटाला रात्रीचं विमान होतं. उरला होता एकच शॉट. पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचं ऊन आत येतंय, म्हातारा बाप आणि त्याची मुलगी समोरासमोर बसलेत, मुलीच्या एका वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. दिग्दर्शक आशय याला हा शॉट एका दमात हवा होता आणि आवाज जागेवरचाच हवा होता. डबिंगचं नाव काढलं की तो तोंड वाकडं करायचा.

“मला घराची शांतता हवी आहे,” तो म्हणाला. “स्टुडिओतली नको. जिथे माणसं राहतात तिथली.”

शांतता आणायची जबाबदारी अर्थात निनादची. आवाज टिपणारी मृणाल कानाला हेडफोन लावून बसायची आणि बोट वर करून सांगायची की काय ऐकू येतंय. मागच्या प्लॉटवर बोअरवेलची गाडी धडधडत होती. निनाद शिपायाला घेऊन गेला, परवानगीचा कागद फडकवला, गाडी बंद. मग देवळातला भोंगा. पंडितजींच्या पायावर डोकं ठेवून आला, भोंगा बंद. कबाडवाल्याच्या ठेल्यावर रेकॉर्ड केलेली आरोळी वाजत होती, त्याला हाताला धरून पलीकडच्या गल्लीत सोडून आला. एका घरात कुकर शिट्ट्या देत होता. निनादने आत जाऊन स्वतःच्या हाताने गॅस मालवला आणि त्या बाईला म्हणाला, “दीदी, आज ज़रा देर से दाल खा लेना.” तीही हसली. सगळी सोसायटी त्या दिवशी हौसेने गप्प बसली होती. सिनेमात आपलं मौन येणार म्हणून कौतुक.

मृणालने पुन्हा बोट वर केलं. “कुछ गूँज रहा है. कंटिन्यूअस है. दीवार के उधर से.”

निनादला कळलं. त्याने घड्याळात पाहिलं, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं आणि चपला काढायला निघाला.

मंगलाताईंनी दार उघडलं ते हसतच. निनादची आई आणि त्या बरखेड्याला एका रांगेत राहिलेल्या. निनादला त्यांनी थालीपीठ खाऊ घातलेलं होतं, पडल्यावर गुडघ्याला हळद लावलेली होती.

“ये रे. चहा टाकू?”

“चहा नंतर काकू. एक छोटीशी हेल्प पाहिजे. काकांच्या मशीनचा आवाज येतोय तिकडे.”

त्यांचा चेहरा पडला. ओशाळल्या. जणू त्यांच्या घरातून कोणी शिवी दिली होती.

“अगंबाई, खरंच? मी गोधडी घालू का त्याच्यावर?”

गोधडी घातली. थोड्याच वेळात मशीन तापलं आणि किंचाळायला लागलं. गोधडी काढली. मग निनाद आणि मंगलाताई दोघांनी मिळून मशीन स्वयंपाकघरात ढकललं, नळी ताणून दारापर्यंत आणली. वॉकी-टॉकीवर मृणाल म्हणाली, “अभी भी है. फ़र्श से आ रहा है.” पुन्हा ढकलून पलंगाशेजारी आणलं.

“शॉटपुरतं बंद केलं तर?” निनाद म्हणाला.

“त्यांना फार वेळ नाही रे चालत. छोटा सिलिंडर होता तो परवा लाइट गेली तेव्हा संपला, भरायला दिलाय.”

“मग सिलिंडर मागवतो की. सिलिंडरला आवाज नाही. थांबा, टेन्शन घेऊ नका.”

तो अंगणात गेला. शहराबाहेर मंडीदीपला एक सिलिंडरवाला त्याच्या ओळखीचा होता, त्याला फोन लावला. तो म्हणाला, देतो, पण गाडी रिकामी व्हायला वेळ लागेल, पोचायला दीड तास धरा. दीड तासाने अंधार. निनाद म्हणाला, “रहने दो फिर.” फोन खिशात टाकला. आत येऊन मंगलाताईंना म्हणाला, “निघालाय सिलिंडर. पोचतोच आहे. तोवर एक टेक करून टाकू.”

इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाही ते खरं वाटलं असेल. खोटं बोलणाऱ्याला कधी कधी ही सवलत असते.

भालचंद्र उशांना टेकून बसले होते. बोलायला त्रास व्हायचा, म्हणून हाताने खूण करून त्यांनी परवानगीचा कागद मागितला. भिंग घेऊन वाचला. वरपासून खालपर्यंत, शिक्के, सह्या, तारीख. एका अटीवर त्यांनी बोट ठेवलं. सोसायटीने लिहून दिलं होतं, चित्रीकरणाच्या वेळी रहिवासी आवाजाबाबत सहकार्य करतील.

“नियमात... आहे,” ते म्हणाले. जन्मभर शिक्क्यासमोर मान तुकवलेला माणूस. कागद बरोबर असला की जगात सगळं बरोबर, असं समजणारा. सहकार्य म्हणजे श्वास द्यायचा असतो असं त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण तेवढं त्यांनी आपल्या पदरचं घातलं. त्यांनी अंगठा वर केला.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारे चुकले. भीक मागणाऱ्याला निदान तोंड उघडता येतं.

पहिल्या टेकला निनाद खुर्ची ओढून मंगलाताईंजवळ बसला. वॉकीच्या वायरीतून त्याच्या कानात युनिटचा आवाज येत होता. त्याने मान हलवली की मंगलाताई मशीनचं बटण दाबायच्या. घूं घूं थांबलं आणि घर एकाएकी मोठं झालं. भालचंद्र मोजून मापून श्वास घेत होते, डोळे छतावर. पलीकडे नटी वाक्य विसरली. मशीन चालू. भालचंद्रांनी पुन्हा अंगठा दाखवला, जरा मिस्किलपणे. चाचणी पास, असं सांगत होते.

दुसऱ्या टेकला कुणाची तरी मोटारसायकल गेटपर्यंत आली. निनाद धावत जाऊन शिपायावर खेकसून आला. या खेपेला मशीन लावल्यावर भालचंद्रांचा ऊर जागेवर यायला बराच वेळ लागला. त्यांच्या बोटाला एक चिमटा लावलेला होता, रक्तातला प्राणवायू दाखवणारा. आकडा खाली गेला की तो टूं टूं करायचा. तो करायला लागला.

“हेही वाजतंय काकू,” निनाद म्हणाला आणि बोटातून तो चिमटा अलगद काढून स्टुलावर ठेवला. आजाऱ्याच्या अंगावरची माशी हाकलावी तितक्या मायेने.

“अरे पण मला त्याच्यावरूनच कळतं.”

“मी आहे ना इथे. मी बघतोय काकांकडे.”

“सिलिंडर कुठवर आला?”

“मिसरोदच्या जाममध्ये अडकलाय. येतोच आहे.”

तिसरा टेक पूर्ण झाला. मंगलाताईंनी सुटकेचा श्वास टाकला. पण आशयला तो पसंत पडला नाही. म्हातारा अजून थांबायला हवा होता, म्हणाला, घाईने मान वळवली. ऊन आता भिंतीवर हातभर उरलं होतं. शेवटचा टेक. कोणी हललं तर पुन्हा माझ्याकडे कामाला येऊ नका, असं तो सगळ्या युनिटला म्हणाला. ते निनादच्या कानातही गेलं.

भालचंद्रांनी तळहात आडवा करून हलवला. पुरे.

मंगलाताई म्हणाल्या, “ते पुरे म्हणताहेत रे. सिलिंडर आल्यावर करू या का?”

“काकू, लास्ट. आईशपथ. ऊन गेलं की संपलं सगळं, महिन्याभराचं काम वाया जाईल. पन्नास माणसं उभी आहेत तिकडे तुमच्यावर अवलंबून.” मग त्याने भालचंद्रांचा हात हातात घेतला. “काका, फक्त एवढा एक. तुमच्यासाठी पिक्चरमध्ये नाव टाकायला सांगतो.”

भालचंद्रांनी त्याच्याकडे पाहिलं. नाव नको होतं त्यांना. त्यांनी मंगलाताईंकडे पाहिलं. आणि मंगलाताईंनी, बेचाळीस वर्षं या माणसाच्या खाण्यापिण्याची, औषधांची, झोपेची राखण केलेल्या बाईने, खाली पाहिलं. पन्नास माणसं, हा शब्द त्यांच्या डोक्यात बसला होता. आपल्या एका घरापायी पन्नास माणसांचं काम अडलं, हे सोसायटीत कळलं तर तोंड कसं दाखवायचं, असं त्यांच्या मनात आलं. मला हे लिहितानासुद्धा त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटतात.

या खेपेला निनादनेच बटण दाबलं. आणि हात तिथेच ठेवला.

शांतता झाली. आशयला हवी होती तशी, माणसं राहतात तिथली. भिंतीपलीकडे म्हातारा नट मुलीकडे बघत थांबला असावा, आणि या खेपेला घाई करत नसावा. भिंतीअलीकडे भालचंद्रांचं तोंड उघडलं. गळ्याखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला. ओठांवरचा रंग जायला लागला, आधी कडेने, मग मधून. त्यांनी चादर मुठीत धरली.

मंगलाताईंचा हात बटणाकडे गेला. निनादने तळहात बटणावर पालथा घातला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि हसला. मान हलवून सांगितलं, झालंच.

एक हाक लागत होती. फार मोठीही नाही. ‘अहो’ एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या तर मृणालचं बोट वर झालं असतं, आशयने कट म्हटलं असतं, शिव्या दिल्या असत्या आणि मशीन चालू झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी निनादचं मनगट धरलं आणि ते उचलायला लागल्या. निनाद तरणाबांड, हात हलेना. त्यांनी नखं रुतवली. त्याच्या मनगटावर रक्त आलं, तोंड वेडंवाकडं झालं, पण तोही गप्प राहिला. बांगड्या वाजू नयेत म्हणून मंगलाताईंनी त्या मधेच कोपरापर्यंत वर सरकवल्या. जिवाच्या आकांताने चाललेली ती झटापटसुद्धा त्यांनी आवाज न करता केली.

भालचंद्रांचे डोळे त्या दोघांवर होते. मग ते त्या दोघांवर होते एवढंच.

निनादच्या कानात कट ऐकू आला. त्याने हात उचलायला सुरुवात केली, तोच मृणालचा आवाज आला. “सब अपनी जगह पर रहें, रूम टोन ले रही हूँ.” शॉट झाल्यावर रिकाम्या खोलीची शांतता वेगळी टिपून घेतात, पुढे जोडकामाला लागते. तोवर कोणी हलायचं नसतं. ही कामाची पद्धत आहे. निनादचा हात पद्धतीप्रमाणे परत खाली आला.

मग तोही वेळ सरला. हात निघाला, मशीन घुमायला लागलं. मंगलाताईंनी नळी नाकात नीट बसवली, गाल थोपटले, छाती चोळली, “अहो, अहो,” आता म्हणाल्या, हळू आवाजात. चिमटा बोटाला लावला. त्यावर आकडा येईना, दोन आडव्या रेघा येत राहिल्या. बोट बदललं. दुसऱ्या बोटालाही रेघाच. त्यांनी तो आपल्या बोटाला लावून पाहिला, तर लगेच आकडा आला. तेव्हा त्यांना समजलं, आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

निनाद उभाच होता. मनगटावरचं रक्त त्याने पँटला पुसलं. भीती वाटली असणार त्याला, माणूसच होता. अँब्युलन्सला फोन करायला म्हणून त्याने मोबाइल काढला. भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज आला. शॉट चांगला झाला की युनिट टाळ्या वाजवतं.

टाळ्या थांबल्या आणि कानात आशय बोलला. ऊन अजून टिकलंय, सेफ्टीसाठी आणखी एक टेक घेऊन टाकू, सगळे जागेवर. मग मृणाल म्हणाली, “निनाद, वो मशीन वापस चालू हो गया है. बंद कराओ प्लीज़.”

निनादने पलंगाकडे पाहिलं. भालचंद्रांच्या नाकातल्या नळीतून हवा सुसू करत होती आणि कोणी ती घेत नव्हतं. आता मशीन बंद केल्याने कोणाचं काय बिघडणार होतं? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला तो बरोबरही वाटला. त्याने मोबाइल खिशात ठेवला, वाकून बटण दाबलं आणि वॉकीवर हळूच म्हणाला, “बंद है. रोल कर लो.”

घुमणं थांबलं तशी मंगलाताईंनी मान वर केली. त्यांनी निनादकडे पाहिलं आणि कुजबुजत विचारलं,

“आता रडले तर चालेल का रे?”

निनादने भिंतीकडे पाहिलं.

“थोडं थांबा काकू,” तो म्हणाला.

मंगलाताईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि थांबल्या.